रँकचा रकाना

परवा सर्जापूर रोडवरच्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये नवऱ्याला घेऊन गेले होते. स्कूटरवरून पडून त्याने गुडघा आणि कोपर सोलून घेतलं होतं. आत एसी, भिंतीवर टीव्ही, टीव्हीवर दातांची जाहिरात. हातमोजे घातलेली एक मुलगी आली आणि तिने कालची पट्टी टर्रकन ओढली. नवरा ओरडायच्या आत मीच ओरडले, "अगं, भिजू दे की आधी!" मुलगी कन्नड, मी ओरडले मराठीत. तिला त्यातलं अक्षर कळलं नसणार, पण कोपराची पट्टी तिने सलाइनने भिजवून हळूहळू काढली.

ते वाक्य माझं नव्हतं, माने अण्णांचं होतं. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी ते असे मध्येच माझ्या तोंडून बोलतात.

मी पुण्याची. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी मारतहळ्ळीला येऊन पडले. वर्षभर घरात भिंतींशी गप्पा मारून झाल्यावर एका छोट्या लष्करी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर कंत्राटी फार्मासिस्ट म्हणून लागले. दवाखाना शहराच्या बाहेर हवा म्हणून तिथे बांधलेला, मग शहरच त्याच्या दारात येऊन उभं राहिलं. कुंपणापलीकडे वीस-वीस मजल्यांच्या सोसायट्या आणि अलीकडे कौलारू बराकी, चुना लावलेल्या दगडांच्या रांगा, मोठाली झाडं. जवान, त्यांची बायकामुलं आणि निवृत्त म्हातारे यांच्यासाठी तो होताच, पण आसपासच्या गावची माणसंही तिथे यायची. छावणीसाठी गावांचं गायरान घेतलं तेव्हा कुणा साहेबाने शब्द दिला होता म्हणे, की तुमच्या जखमा आम्ही बांधू. त्या शब्दाचा हुकूम झाला आणि तो हुकूम रद्द करायचं पुढे कुणाला सुचलं नाही. त्यामुळे आनेकलच्या बसमधून रोज सकाळी फडकी गुंडाळलेली दहा-पंधरा माणसं उतरायची आणि लंगडत थेट ड्रेसिंगच्या खोलीकडे जायची.

ती खोली म्हणजे अण्णांचं राज्य. अण्णा ठेंगणे, पोट किंचित सुटलेलं, पांढऱ्या कोटाला कडक इस्त्री आणि खिशात तीन कात्र्या. त्या कात्र्यांना दुसऱ्या कुणी हात लावला की अण्णा दिवसभर गाल फुगवून बसत. फौजेत ते नर्सिंग असिस्टंट होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि इथे सिव्हिलियन ड्रेसर म्हणून पुन्हा लागले. घराणं पाच पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी, पण तिला कन्नडची अशी फोडणी, की पहिला आठवडा मी नुसती मान हलवत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला "अक्का" म्हटलं. वीस वर्षांनी मोठा माणूस आपल्याला अक्का म्हणतो म्हणून मी आरशात जाऊन केस बघून आले. मागून कळलं की इथे सगळ्याच बायका अक्का.

"तुम्ही मूळचे कुठले, अण्णा?" मी अस्सल पुणेरी चौकशी केली होती.

"सातारकडचं म्हणतात की. बघितलंय कुणी?" ते म्हणाले. "पाच पिढ्या मागं जाऊन काय करायचं अक्का? हातातली पट्टी सोडवू आधी."

माणसांची नावं त्यांच्या डोक्यात राहायची नाहीत, जखमा राहायच्या. एकदा आनेकलच्या बाजारात आम्ही भेटलो, तर भाजीवाल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघा, उजवा घोटा." भाजीवाल्याने हसून आम्हाला नमस्कार केला आणि घोटा दाखवला. पुढे चहाच्या टपरीवर "डावी करंगळी" भेटली, तिने आम्हाला चहा पाजला. चेहऱ्याकडे ते बघतच नसत. माणूस दारातून आत आला की नजर आधी पायांवर, मग हातांवर. एकदा सीओ मॅडम, म्हणजे आमच्या दवाखान्याच्या प्रमुख, सर्जन आणि कर्नल, व्हरांड्यातून गेल्या, तर अण्णा मागून म्हणाले, "मॅडमना नवे बूट चावतायत." दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतःच टाचेला पट्टी लावून घ्यायला आल्या.

पट्टी कधी ओढायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. सलाइन ओतायचं आणि थांबायचं. "स्वल्प थांबा," ते सांगत, म्हणजे जरा थांबा. पट्टी जखमेला धरून बसलेली असते, तिला वाटलं की ती आपणहून सुटते, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्या वेळात ते माणसाला घरचं सगळं विचारून घ्यायचे. पट्टी सुटायची तेव्हा सुनेचं भांडण अर्ध्यावर आलेलं असायचं.

दुसरा नियम रांगेचा. एकदा एक निवृत्त कर्नलसाहेब अंगठ्याचं नख घेऊन आले आणि सवयीने सरळ आत शिरले. आत एक गवंडी, तळहात फाटलेला. अण्णा उठून ताठ उभे राहिले, कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, "साहेब, या खोलीत सीनियॉरिटी जखमेची आहे. आपला नंबर चौथा." मला वाटलं, आता अण्णांची नोकरी गेली. साहेब क्षणभर लाल झाले, मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पुढच्या वेळी ते आले तेव्हा बाहेरूनच विचारत होते, "माने, माझ्याहून वाईट कोणी आहे का आत?"

आणि तिसरा नियम रँकचा. आता हसाल, पण माझी सगळी गोष्ट त्या रकान्यातच आहे. लष्करी दवाखान्याच्या रजिस्टरात नंबर, रँक आणि नाव असे रकाने असतात. गावची माणसं आली की बाकी सगळ्या विभागांत रँकचा रकाना कोरा सोडत. अण्णांना कोरं बघवत नसे. "फौजेत माणूस बिनरँकचा नसतो अक्का. मग इथं झोपलाय तो कोण?" म्हणून ते गावकऱ्यांना रँक द्यायचे आणि तेही मनमानी नाही. पट्टी काढताना जो बोंबलतो तो रिक्रूट. दात आवळतो तो लान्स नायक. जो त्यातही गप्पा मारतो तो नायक. जखम भरत आली की प्रमोशन. ते प्रमोशन मोठ्याने जाहीर व्हायचं आणि बाहेरच्या बाकावर टाळ्या पडायच्या. सोसायटीचे वॉचमन, धुणीभांडी करणाऱ्या बायका, गवंडी, सगळे आपापली रँक सांभाळून असायचे. मी एकदा उकळतं तेल हातावर सांडून घेतलं होतं. अण्णांनी पट्टी बांधली, मी ओरडले. "रिक्रूट," त्यांनी लिहिलं. फोड बरे झाले तरी माझं प्रमोशन काही झालं नाही. त्याचा राग मला अजून आहे.

गौरम्मा ही त्यांच्या रजिस्टरातली सगळ्यात जुनी शिपाई. आनेकलच्या बसस्टँडवर ती अबोलीच्या वेण्या विकायची, कोपरापासून बोटांपर्यंत मापून. साठीची बाई, मधुमेह जुना, डाव्या टाचेला मोठी जखम. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात तिला सांगितलं होतं की पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. ती तशीच उठून आमच्याकडे आली होती. मॅडमनी पाय तपासला आणि अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "मॅडम, वेळ द्या." मॅडमनी वेळ दिला. म्हणाल्या, जखम उलटली तर मी एक दिवस थांबणार नाही.

मग अण्णा कामाला लागले. जुनी मोडीत काढलेली एक्स-रे फिल्म धुण्याच्या सोड्याने घासली की मागे निळसर पारदर्शक कागद राहतो. तसा एक स्वच्छ तुकडा ते जखमेवर धरायचे आणि पेनाने तिची कड गिरवायचे. दर सोमवारी एक फिल्म, खाली तारीख. पाच-सहा फिल्म एकावर एक ठेवून खिडकीतल्या उजेडात धरल्या की जखम आत-आत कशी सरकली ते दिसायचं. गौरम्माला वाचता येत नव्हतं, पण ते तिला पहिल्या दिवसापासून कळलं. शिवाय अण्णांनी टायरच्या चपलेला गादीचा फोम चिकटवून, टाचेखाली भोक पाडून तिला विचित्र चपला करून दिल्या होत्या, म्हणजे भार जखमेवर येणार नाही. त्या चपला घालून ती बसमधून उतरायची तेव्हा बदक चालल्यासारखी दिसायची. अण्णा दारातून ओरडायचे, "नायक गौरम्मा, टाच उचलून!"

जखम कपाच्या तोंडाएवढी होती, ती रुपयाच्या नाण्याएवढी झाली आणि त्याच सुमाराला वरून पत्र आलं. दवाखाना लहान आहे, शहरातल्या मोठ्या लष्करी रुग्णालयात विलीन करायचा प्रस्ताव आहे. एक बोर्ड आकडे तपासणार होतं. इथे फौजेचे रुग्ण पुरेसे असतील तर दवाखाना राहील. नसतील तर आधी गावकऱ्यांचं ड्रेसिंग बंद होईल आणि मग दवाखाना.

दवाखान्यात सगळे आपापल्या बदलीची चिंता करत होते. अण्णांना एकच चिंता होती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ते म्हणाले, "अक्का, नाणं बंद व्हायला चार-पाच महिने पाहिजेत. दवाखाना आधी बंद झाला तर पाय जाईल." मी म्हटलं, मोठ्या रुग्णालयात पाठवू. ते म्हणाले, "तिथं गावच्या माणसाला कोण घेतंय? आणि दुसरीकडं पट्टी ओढतात."

आकड्यांचा तक्ता एका नव्या कारकुनाने केला. बोर्डाचं पहिलं उत्तर आलं ते ऐकून सगळ्यांचे चेहरे उजळले. ड्रेसिंगच्या खोलीत फौजेच्या रुग्णांचा भार लक्षणीय आहे, सबब निर्णय सध्या पुढे ढकलावा. कारकुनाने म्हैसूरपाक वाटला. मी पण दोन तुकडे खाल्ले आणि खिडकीवर येऊन बसले. तिथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्याकडे फौजेची चिठ्ठी पांढरी आणि गावकऱ्यांची गुलाबी. त्या महिन्यात ड्रेसिंगच्या खोलीतून आलेल्या निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या गुलाबी होत्या. मग हा लक्षणीय भार आला कुठून?

आला रँकच्या रकान्यातून. कारकून नवा. ज्याच्या नावापुढे रँक तो शिपाई, असा त्याचा सरळ हिशेब. नायक गौरम्मा, लान्स नायक हनुमंतप्पा, रिक्रूट मंजुळा, सगळे भारतीय सेनेत भरती होऊन तक्त्यात गेले होते आणि त्यांनीच आमचा दवाखाना वाचवला होता.

मी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं. पहिल्यांदा ते हसले, मग बसले. मी त्यांना समजावलं, "अण्णा, चूक तुमची नाही, कारकुनाची आहे. तुम्ही मुद्दाम केलं नाही. गप्प बसू या. सहा महिन्यांत तिचा पाय बरा होईल." मला त्यात पाप वाटलं नव्हतं. खरं सांगते, आजही वाटत नाही.

अण्णा कात्र्या उकळत राहिले. एकेक कात्री पुसून ठेवत म्हणाले, "तक्त्याखाली सही मॅडमची आहे. उद्या कुणी विचारलं, नायक गौरम्मा कुठल्या पलटणीची, तर मॅडमनी काय सांगायचं?"

 पण तो दिवस शुक्रवार होता आणि अण्णा शुक्रवारी मॅडमकडे गेले नाहीत. शनिवारीही गेले नाहीत. कधी एक मिनिट न रेंगाळणारा माणूस रजिस्टर उघडायचा आणि मिटायचा. सोमवारी त्यांनी गौरम्माची पट्टी केली, फिल्म गिरवली, नाणं आता चिंचोक्याएवढं आहे हे तिला दाखवलं आणि मग कोटाची बटणं लावून मॅडमच्या खोलीत गेले. त्या तीन दिवसांसाठी मला अण्णा फार आवडतात.

मी गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभी होते. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या हिंदीत बोलायच्या. "माने, ये क्या बोल रहे हो, समझते हो?"

"जी मॅडम."

"उस औरत का पैर?"

"जी मॅडम. वो भी समझता हूँ."

मॅडमनी तक्ता पुढे ओढला. मग म्हणाल्या, रजिस्टर दुरुस्त करा, लाल शाईने, एकेका नावापुढे सही.

गुरुवारी गौरम्मा आली तेव्हा अण्णा तेच करत होते. फूटपट्टी घेऊन टेबलाशी बसले होते, एकेक रँक खोडायची, वर 'सिव्हिलियन' लिहायचं, सही करायची. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांची स्वतःची सही होती, 'हवालदार माने'. तिथेही त्यांनी हवालदारवर रेघ मारली आणि 'ड्रेसर' लिहिलं. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"काय लिहिताय?" गौरम्माने कन्नडमध्ये विचारलं.

"रँक काढतोय."

"माझी?"

"सगळ्यांची. माझी पण. मी पण सिव्हिलियनच की आता." आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं, आता गावाचं ड्रेसिंग बंद होणार हेही.

तिने स्टुलावर पाय टेकला, साडी घोट्यापर्यंत वर घेतली आणि म्हणाली, "रँक घ्या. पाय ठेवा."

अण्णांनी सलाइनची बाटली उचलली. पट्टी भिजायला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण बराच वेळ त्यांनी बाटली नुसती हातात धरली होती.

सुधारलेला तक्ता गेला आणि ठरल्याप्रमाणे सगळं बंद व्हायला लागलं. बाहेरचा बाक रिकामा झाला. मी तेव्हा अण्णांशी चार दिवस धड बोलले नाही. मला वाटलं, या माणसाने आपल्या टापटिपीपायी एका बाईचा पाय पणाला लावला. मग एका संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर त्यांना आनेकलच्या बसला लटकताना पाहिलं. हातात स्वतःची पिशवी, तिच्यात सलाइन, गॉज आणि तीन कात्र्या. सोमवार आणि गुरुवार, चार महिने. सर्जापूर रोडच्या गर्दीत जायला दीड तास, यायला दीड तास. मॅडमना त्यांनी परवानगी मागितली होती. मॅडम म्हणाल्या होत्या, ड्यूटी के बाद कहाँ जाते हो, मैंने पूछा है कभी?

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले. बसस्टँडमागच्या एका खोलीत गौरम्मा भिंतीला टेकून वेणी ओवत होती, पाय अण्णांच्या मांडीवर, आणि दोघं सुनेबद्दल बोलत होती. पट्टी भिजत होती. बसने हाडं खिळखिळी झालेला माणूस, पण त्याला पट्टीची घाई नव्हती. परतताना मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "सरी सरी, असू दे. पुढं सरका, जागा झाली."

मग एका मंगळवारी सकाळी ते माझ्या खिडकीवर आले आणि एक निळी फिल्म काचेला टेकवली. मी इकडून बघितली, तिकडून बघितली. खाली कालची तारीख होती. बाकी फिल्मवर काहीच नव्हतं.

"यात काय आहे, अण्णा?"

"काही नाही," ते म्हणाले. "काहीच नाही बघा."

मला कळलं तेव्हा मी खिडकी बंद करून आत जाऊन रडले. रांगेतल्या जवानांना वाटलं, औषधं संपली.

दवाखान्याच्या शेवटच्या दिवशी सामानाचे ट्रक भरत होते. पलंग, कपाटं, ड्रेसिंगच्या खोलीतला तो स्टूल. गेटवर नवा पहारेकरी होता, गावच्या माणसांना सोडायचं नाही असा त्याला हुकूम. अकराच्या सुमाराला बसमधून गौरम्मा उतरली. टोपलीत वेण्या आणि पायात साध्या चपला. तशा चपलांत मी तिला पहिल्यांदाच बघत होते. पहारेकऱ्याने अडवलं, विचारलं, कौन?

"हवालदार गौरम्मा," ती गंभीरपणे म्हणाली. रँक काढून घेतल्यावर मधल्या काळात तिने स्वतःलाच प्रमोशन दिलं होतं.

पहारेकरी हसला. अण्णा पुढे गेले आणि त्यांनी पाहुण्यांचं रजिस्टर ओढून घेतलं. त्यातही तेच रकाने. त्यांनी नाव लिहिलं आणि रँकच्या रकान्यात निमूटपणे एक आडवी रेघ मारली. मागे मॅडम येऊन उभ्या होत्या हे त्यांना माहीत नव्हतं.

"ये रजिस्टर किसी बोर्ड के सामने नहीं जाता," मॅडम म्हणाल्या. "ठीक से भरो, हवालदार माने."

अण्णांचा हात थांबला. त्या रकान्यापायी जे जे खोडलं होतं त्यात त्यांची स्वतःची रँकही होती आणि तेव्हापासून त्यांना कुणी हवालदार म्हटलं नव्हतं. त्यांनी रेघेवर नीट अक्षरात लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'नायब सुभेदार'.

"इतना बड़ा प्रमोशन?" मॅडमनी विचारलं.

"जखम बंद हुआ, मॅडम," अण्णा म्हणाले.

पुढे आठवड्याभरात ते तुमकूरला लेकीकडे राहायला गेले आणि वर्षाने लेकीचाच फोन आला. त्यामुळे मी अण्णांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी. चुन्याच्या दगडांमधल्या वाटेने गौरम्मा पुढे चालली होती, टोपली कमरेवर, दोन्ही पाय जमिनीवर पुरते टेकवत. ती वेण्या द्यायला मॅडमकडे निघाली होती. अण्णा तिच्या दोन पावलं मागे होते. लोक त्यांना हाका मारत होते, निरोप घेत होते, पण त्यांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. ते मान खाली घालून तिची डावी टाच बघत चालले होते.